पडद्यावर काही नाही

आमच्या गोमती नगरात एक मरीन ड्राइव्ह आहे. मुंबई-पुण्याहून कुणी पाहुणे आले की मी त्यांना संध्याकाळी हमखास तिथे नेते. गोमतीच्या काठाने गेलेला रुंद रस्ता, कठडा, कठड्यावर बसलेली कॉलेजची मुलं, जवळच आंबेडकर पार्कातले दगडी हत्ती. सगळं आहे, समुद्र तेवढा नाही. पाहुणे आधी हसतात, मग जरा गप्प होतात. इथे जन्मलेल्या माणसाला मात्र तो रस्ता पुरता वाटतो. तिथे काही कमी आहे हे ज्याने समुद्र पाहिलाय त्यालाच दिसतं.

याच गावात बसून मागच्या हिवाळ्यात मी रडारच्या एका माहितीपुस्तिकेचं मराठी भाषांतर केलं. यंत्रांच्या माहितीपुस्तिका हे माझं पोट भरणारं काम. कथा-कवितांची भाषांतरं ही त्या पैशांवर केलेली चैन. हे रडार लहान होतं, मच्छीमारी ट्रॉलरवर बसवायचं, आणि पुस्तिका कोकणातल्या बोटमालकांसाठी हवी होती. सोबत पारिभाषिक शब्दांची यादी आली होती. तीत ‘क्लटर’ या शब्दापुढचा रकाना रिकामा होता.

शब्द अडला की मी वस्तू बघायला जाते. रडार लखनौत कुठे बघणार? पण आमच्या शेजारच्यांचा मुलगा व्यापारी जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. (उत्तर प्रदेशातून, समुद्र न पाहता वाढलेली किती मुलं मर्चंट नेव्हीत जातात, हे इथे राहायला आल्यावर मला कळलं.) तो जानेवारीत सुट्टीवर घरी होता. एका सकाळी, बाहेर धुक्यात समोरची इमारतही दिसत नसताना, त्याने आमच्या जेवणाच्या टेबलावर एक स्टीलची थाळी ठेवली आणि शेंगदाण्यांची वाटी पुढे ओढली.

थाळीच्या मधोमध त्याने एक दाणा ठेवला. “ये हम हैं, आंटी.” मग काठावर दुसरा. रडारचा हात डोलकाठीवर फिरत असतो, साधारण दोन-अडीच सेकंदांत एक फेरी. तो सूक्ष्म लहरी सोडतो, त्या कशावर तरी आपटून परत येतात, आणि परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. एवढं मला शाळेतल्या विज्ञानामुळे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे की नेहमीच्या मांडणीत मधला दाणा हलतच नाही. जहाज ताशी पंधरा सागरी मैलांनी पुढे जात असतं, पण पडद्यावर ते जागच्या जागी असतं आणि जग त्याच्याकडे सरकत येतं. खडक सरकत येतो, दीपगृह सरकत येतं, नांगर टाकून उभं असलेलं जहाज सरकत येतं. ज्याला स्वतःची गती दिसत नाही त्याला सगळं जगच अंगावर येतंय असं वाटणारच, असं मी म्हटलं. त्यावर तो म्हणाला की खरी गती दाखवणारी दुसरी मांडणीही असते, बटण दाबलं की झालं. साहित्याच्या माणसांनी यंत्रातून घाईने रूपकं काढू नयेत, ही समज मला त्या सकाळी पहिल्यांदा मिळाली. शेवटची नव्हती.

टक्कर होणार की नाही हे ओळखायची खूण फार जुनी आहे, रडारच्याही आधीची. समोरच्या जहाजाची दिशा होकायंत्रावर बदलत नसेल आणि अंतर मात्र घटत असेल, तर तुम्ही दोघं एकाच बिंदूकडे निघाला आहात. थाळीवर त्याने काठावरचा दाणा सरळ मध्याकडे ढकलत आणला. “जो दाना सीधा आए, उससे डरो.” जो तिरका सरकतो तो बाजूने निघून जाईल. आजची यंत्रं हे गणित स्वतःच करतात: हे जहाज जास्तीत जास्त किती जवळून जाईल, आणि किती मिनिटांनी. कप्तानाने ठरवून दिलेल्या अंतराच्या आत कुणी येणार असेल तर यंत्र भोंगा वाजवतं.

मग त्याने वाटीतले तांदूळ मागितले. मूठभर तांदूळ त्याने मधल्या दाण्याभोवती पसरले आणि म्हणाला, हा तुमचा क्लटर.

समुद्र खवळला की लाटाही रडारची लहर परत पाठवतात. जहाजाच्या अवतीभवती, कधी तीन-चार मैलांपर्यंत, पडद्यावर ठिपक्यांचा खच पडतो. पाऊस असला तर त्याचा वेगळा. हा खच कमी करायला एक खुंटी असते, हल्ली पडद्यावरची पट्टी. ती फिरवली की जवळून येणाऱ्या प्रतिध्वनींबाबत यंत्र थोडं बहिरं होतं. लाटा पुसल्या जातात, पडदा स्वच्छ होतो. पोलादी जहाजाचा प्रतिध्वनी इतका दणदणीत असतो की तो या बहिरेपणातूनही ऐकू येतो. पण लाकडी किंवा फायबरची होडी पाण्यापासून जेमतेम वर असते, तिच्यावर धातू थोडा, शिवाय ती दर लाटेबरोबर खाली जाते. तिचा प्रतिध्वनी लाटेएवढाच बारीक. बोलता बोलता त्याने तांदळात एक शेंगदाण्याचं फोलपट टाकलं होतं ते मला कळलंही नव्हतं. त्याने हात फिरवून तांदूळ बाजूला केले. “देखिए, नाव भी गई.”

त्या रिकाम्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न तिथून माझ्या मानगुटीवर बसला. ‘कचरा’ लिहिलं तर लाट हा कचरा ठरतो, आणि लाटेत असलेली होडीही. ‘गोंगाट’ जवळ जातो पण तो कानाचा शब्द. मी ‘पसारा’वर आले. पसारा आवरायचा असतो, पण पसाऱ्यात हवी ती वस्तूही असते. आईने आपलं टेबल आवरलं की नेमका हवा तो कागद गेलेला असतो, हा अनुभव मराठी घरात कुणाला नाही?

शब्द मिळाला, प्रश्न राहिला. पहाऱ्यावरचा अधिकारी खुंटी फिरवतो, पडदा स्वच्छ होतो, त्याला होडी दिसत नाही, जहाज होडीवरून जातं. ‘मला दिसली नाही’ असं तो म्हणतो तेव्हा तो खरं बोलत असतो. मग त्याचा दोष काय?

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाचा १८७७ सालचा एक निबंध तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासक्रमात कसा कोण जाणे आमच्या वाट्याला आला होता. विषय होता श्रद्धेची नीती. त्याची सुरुवात एका जहाजमालकापासून होते. जहाज जुनं आहे, दुरुस्ती हवी आहे, हे त्याला माहीत आहे. पण इतक्या वेळा ते सुखरूप परत आलंय, याही वेळी येईल, अशी तो स्वतःची समजूत घालतो. समजूत प्रामाणिक आहे. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, प्रामाणिक असण्याने तो सुटत नाही, कारण हातातल्या पुराव्यावर असा विश्वास ठेवायचा त्याला अधिकारच नव्हता. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी दोष तेवढाच राहिला असता. क्लिफर्ड स्वतः १८७० साली सिसिलीजवळच्या जहाजफुटीतून वाचलेला होता, त्यामुळे त्याचं उदाहरण मला कधी पुस्तकी वाटलं नाही.

पण क्लिफर्डचा मालक सोपा आहे. त्याने शंका दाबल्या. आपल्या अधिकाऱ्याला शंकाच आली नाही, कारण शंका येईल असं काही पडद्यावर नव्हतं. इथे मला क्लिफर्डपेक्षा आपले मीमांसक जास्त कामाला आले. कुमारिल भट्टांच्या परंपरेत आणि पुढे अद्वैत वेदान्तात ‘अनुपलब्धी’ हे ज्ञानाचं एक स्वतंत्र साधन मानलंय. जमिनीवर घागर नाही हे मला कसं कळतं? नसलेली घागर डोळ्याला भिडत नाही. ती न दिसणं हेच ती नसल्याचं ज्ञान देतं. नैयायिक हे मान्य करत नाहीत, अभावही प्रत्यक्षानेच कळतो म्हणतात. तो वाद इथे नको. मला हवी होती ती या मताला जोडलेली अट. प्रत्येक न दिसणं ज्ञान देत नाही, ‘योग्य’ अनुपलब्धीच देते. म्हणजे ‘घागर इथे असती तर दिसली असती’ असं म्हणता आलं पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही, यावरून घागर नाही असं ठरत नाही.

रडारच्या पडद्याकडे ही अट घेऊन गेलं की दोष कुठे आहे ते नेमकं सांगता येतं. होडी न दिसण्यात तो नाही. ‘असती तर दिसली असती’ हे वाक्य न तपासता गृहीत धरण्यात आहे. आणि घागरीच्या उदाहरणात नसलेली एक गोष्ट इथे आहे: खोलीतला अंधार आपण केलेला नसतो. पडद्यावरचा अंधार आपल्या हाताने, आपल्या सोयीसाठी केलेला असतो, आणि तो उजेडासारखा दिसतो. धुकं निदान धुक्यासारखं दिसतं. धुक्यात माणूस वेग कमी करतो, भोंगा वाजवतो, काच खाली करून कान देतो. स्वच्छ पडद्यासमोर कोण कान देईल?

दर्यावर्दी लोकांना हे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून कळलं नाही. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ ‘आंद्रेआ दोरिआ’ हे इटालियन प्रवासी जहाज आणि ‘स्टॉकहोम’ हे स्वीडिश जहाज एकमेकांवर आदळली. दोन्हींवर रडार होतं. दोघांनीही एकमेकांना कित्येक मैलांवरून पडद्यावर पाहिलं होतं. एकाला वाटलं आपण उजव्या बाजूंनी एकमेकांजवळून जाणार, दुसऱ्याला वाटलं डाव्या. प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे जहाज वळवलं आणि दोघं एकमेकांच्या वाटेत आले. ५१ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘आंद्रेआ दोरिआ’ बुडालं. मामला न्यायालयाबाहेर मिटवला गेल्याने दोषाचा निवाडा असा झालाच नाही. पुढे काही अभ्यासकांनी असं मांडलं की ‘स्टॉकहोम’वरच्या तरुण अधिकाऱ्याचा पडद्याच्या मापात घोटाळा झाला असावा, पाच मैलांचं माप त्याने पंधरा मैलांचं समजून वाचलं असावं. ते सिद्ध झालेलं नाही. पण हा तर्क इतकी वर्षं टिकून राहिलाय याचं कारण मला असं वाटतं की त्या चुकीत प्रत्येक पहारेकऱ्याला स्वतःचा चेहरा दिसतो. ठिपका खरा, जागा खरी, फक्त आपण कुठलं माप लावून बसलोय याचा विसर.

रडार आल्यावर टकरी थांबतील असं वाटलं होतं, आणि ‘रडारच्या मदतीने झालेली टक्कर’ असा एक कडवट शब्दप्रयोग नाविकांच्या बोलण्यात रुजला. समुद्रावरच्या टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत सातव्या नियमाचं एक कलम आहे: तुटपुंज्या माहितीवरून, विशेषतः रडारवरच्या तुटपुंज्या माहितीवरून, अनुमानं काढू नयेत. पाचवा नियम सांगतो की टेहळणी डोळ्यांनी आणि कानांनी करायची, आणि शिवाय उपलब्ध असलेल्या सगळ्या साधनांनी. यंत्र नंतर येतं, डोळे आणि कान आधी. कायद्याच्या रुक्ष भाषेत मला एवढी सुंदर क्रमवारी क्वचित दिसली आहे.

आपल्या किनाऱ्यावर काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं अटलांटिकच्या पलीकडचं वाटेल. ७ ऑगस्ट २०१० च्या सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली. एक न्हावा-शेव्याहून बाहेर निघालेलं, दुसरं मुंबईत येणारं. दिवसाउजेडी. दोन्हींकडे रडार, रेडिओ, शिवाय किनाऱ्यावर वाहतुकीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा. ‘चित्रा’ कलंडली, तिच्यावरचे शेकडो कंटेनर समुद्रात पडले, शेकडो टन तेल सांडलं, काही दिवस बंदर बंद राहिलं. तेलाचा तवंग उरण-अलिबागकडच्या किनाऱ्याला आणि खारफुटीत पोचला, आणि ते दोन कप्तान कोण हे ज्यांना कधी कळणारही नव्हतं त्या कोळणींच्या टोपल्या बाजारात तशाच राहिल्या, कारण मासे घ्यायला लोक धजावेनात. पुढच्याच वर्षी, ३० जानेवारी २०११ ला, मुंबई बंदरात शिरताना नौदलाच्या ‘विंध्यगिरी’ची ‘नॉर्डलेक’ या मालवाहू जहाजाशी टक्कर झाली, आग लागली, आणि युद्धनौका धक्क्याला आणल्यावर बुडाली. हे झाले मोठ्यांचे अपघात. इथे पडद्यावर ठिपके होते, ढळढळीत.

होड्यांच्या बातम्या लहान असतात. १ मार्च २०१२ च्या रात्री केरळच्या किनाऱ्याजवळ ‘प्रभु दया’ या मालवाहू जहाजाच्या धडकेत एक मच्छीमार बोट बुडाली, पाच जण गेले. ११ जून २०१७ ला कोचीजवळ नांगरून असलेल्या ‘कार्मेल माता’ या बोटीला ‘अंबर एल’ने धडक दिली; बोटीवर १४ जण होते, दोघांचे मृतदेह मिळाले, एक बेपत्ता झाला. अशा अपघातांत वारंवार येणारा तपशील असा असतो की मोठं जहाज पुढे निघून गेलं. दोनशे मीटर लांबीच्या जहाजाला पंधरा मीटरच्या बोटीचा धक्का कधी कधी जाणवतही नाही, असं आमच्या शेजाऱ्याने सांगितलं. सांगताना तो थाळीतले तांदूळ परत वाटीत भरत होता.

मी त्याला विचारलं, तू खुंटी फिरवतोस का? त्याला राग आला असावा. म्हणाला, तुम्ही पसाऱ्यासकट चार तास पडद्याकडे बघून दाखवा. त्याचा पहारा बारा ते चारचा, दुपारी आणि मध्यरात्रीनंतर. मधल्या वेळात नकाशे, कागदपत्रं, बंदर आलं तर झोपेचं खोबरं. आंतरराष्ट्रीय नियमाने चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळायला हवी. ती कागदावर मिळते, एवढंच तो म्हणाला. ठिपक्यांच्या खचाकडे बघून बघून अर्ध्या तासात डोळे काहीच वेगळं करेनासे होतात. मग खरं जहाजही सुटतं. म्हणजे खुंटी न फिरवणं हे काही जास्त नैतिक नाही. पसारा काढला तर होडी जाते, ठेवला तर बघणाराच जातो.

हे त्याचं म्हणणं मला पटलं, आणि तिथेच माझा जो एक सोपा निष्कर्ष तयार होत होता तो मोडला. गाळल्याशिवाय पाहताच येत नाही. जो म्हणतो मी काहीच गाळत नाही, त्याच्यासाठी कुणीतरी आधीच गाळलेलं असतं. पहारा बदलतो तेव्हा नव्या अधिकाऱ्याला आधीच्याने लावून ठेवलेली खुंटी मिळते. सव्वाबाराला पडदा स्वच्छ असतो. तो समुद्र शांत झाला म्हणून की अकराला कुणीतरी वैतागून खुंटी फिरवली म्हणून, हे पडद्याच्या चित्रावरून सहजी उमगत नाही. म्हणून पहारा घेताना पडदा बघण्याआधी खुंट्या बघायच्या, असं त्याला पहिल्याच जहाजावर शिकवलं होतं. समुद्र अधूनमधून परत पडद्यावर येऊ द्यायचा, बघायचा, मग कमी करायचा. आणि रात्री बाहेर, ब्रिजच्या पंखावर, थंडीत उभं राहून नुसत्या डोळ्यांनी बघायचं.

होडीवाल्याचीही जबाबदारी आहे, हे तो विसरू देत नव्हता. दिवे, टेहळणी, डोलकाठीवर धातूचा परावर्तक. नियम छोट्या-मोठ्या सगळ्यांना सारखे. बरोबर आहे. इथे हिवाळ्यात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या पाठीला लाल चमकती पट्टी लावायला लावतात, तसंच ते. तरी त्याच धुक्यात सकाळी साडेसहाला शहीद पथ ओलांडून आमच्या घरी कामाला येणारी बाई सायकलवर असते आणि तिच्या सायकलला दिवा नाही. मी तिला पट्टी आणून दिली. दिवा मात्र अजून घेतलेला नाही, हे लिहिताना लक्षात आलं. ‘मी दिसेन अशी व्यवस्था करायला हवी’ हा भार जो लहान असतो त्याच्यावरच जास्त पडतो, आणि ती व्यवस्था पुरी पडली की नाही हे ठरवणारा पडदा असतो मोठ्याच्या केबिनमध्ये.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. दहा-बारा वर्षांपूर्वी एका अहवालासाठी मी कोकणकिनाऱ्यावरच्या काही बायकांच्या मुलाखती मराठीतून इंग्रजीत नेल्या होत्या. सगळ्या समुद्रावर माणूस गमावलेल्या. ध्वनिमुद्रणं दुसऱ्यांनी केलेली, माझ्याकडे लिहून काढलेले कागद आले. त्यांतल्या एकीचा नवरा रात्री गेला तो परत आला नाही. दोन दिवसांनी होडीच्या फळ्या सापडल्या. चार पानांच्या मुलाखतीत ती बाई सारखी एकच म्हणत होती: “दिवा व्हता.” घरातून निघाला तेव्हाचं सांगताना, पोलिसांकडे गेले तेव्हाचं सांगताना, मुलाच्या शाळेचं सांगतानासुद्धा मध्येच, “दिवा व्हता, बाय, दिवा व्हता.” मला सूचना होती की प्रत्येक मुलाखत एका पानात बसवायची, पुनरुक्ती काढायची. सूचना नसती तरी मी काढली असती. दुःखात माणसं तेच तेच बोलतात, वाचणाऱ्याला त्याचा त्रास होतो, असं मी मानत होते, आणि मी नेटकी भाषांतरकार म्हणून ओळखले जात होते. एकदा ठेवलं, बाकी काढलं. इंग्रजीत ते होडीच्या वर्णनात एका दुय्यम वाक्यांशात गेलं: होडीवर दिवा होता. जसा नांगर होता, जाळी होती.

शेंगदाण्याचं फोलपट थाळीतून गेलं त्या सकाळी मला ती बाई आठवली. होडी कशामुळे बुडाली ते त्या मुलाखतीवरून ठरत नाही. पण ती बाई दुःखाने बरळत नव्हती. समोर नसलेल्या कुणाला तरी ती उत्तर देत होती, जो उद्या म्हणणार होता की अंधारात होडी दिसलीच नाही. तिची सगळी मुलाखत हा एक युक्तिवाद होता आणि त्यात एकच वाक्य होतं. ‘असती तर दिसली असती’ ही मीमांसकांची अट ती उलट्या बाजूने भरत होती: तो होता, आणि दिसेल असा होता. मी तिचा पडदा स्वच्छ करून दिला.

मुलाखत घेणाऱ्यांनी, संपादकांनी, वाचणाऱ्यांनी कुणीही तक्रार केली नाही. करणार कशी, त्यांच्या हातात स्वच्छ पान होतं. ती बाई इंग्रजी वाचत नाही. यातला दोष किती, हे मी मोजायचा प्रयत्न केला. पुनरुक्ती काढल्याचा दोष मी घेत नाही. चार पानांचं एक पान करताना काहीतरी जाणारच होतं, आणि शेजारच्या मुलाचा राग मला लागू पडतो. पण ‘इथे हे वाक्य मूळात अकरा वेळा येतं’ अशी एक ओळ तळाला टाकता आली असती. ती एक ओळ जागा खात नव्हती. मी खुंटी फिरवली याचं मला काही वाटत नाही, किंवा थोडंसंच वाटतं. फिरवल्याची नोंद मी कुठेच ठेवली नाही, स्वतःजवळसुद्धा नाही, ते टोचतं. तो अहवाल शोधायचा प्रयत्न केला. कागदाची एक प्रत माझ्याकडे निघाली, मूळ मुलाखतीचे कागद मात्र मी कधीच रद्दीत दिले होते. अकरा हा आकडा आठवणीतला आहे.

फेब्रुवारीत शेजारचा मुलगा जहाजावर परत गेला. धुकं विरलं. मी पुस्तिका पुरी केली, ‘क्लटर’ला ‘पसारा’ हा शब्द ग्राहकाने मान्य केला, फक्त पहिल्यांदा येईल तिथे मूळ शब्दही ठेवा म्हणाले. पाठवण्याआधी मी त्यांना एक विनंती केली. भाषांतरकाराने मजकुरात भर घालू नये हे मला समजतं, तरी लाटांचा पसारा कमी करण्याच्या भागात एक वाक्य घालायची परवानगी द्या, की खुंटी पूर्ण फिरवली तर लहान होड्याही पडद्यावरून जातात, तेव्हा थोडे ठिपके राहू द्यावेत. ज्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे ते स्वतः लहान होड्यांमधून वाढलेले लोक आहेत, वगैरे चार ओळीही लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, सभ्य आणि छोटं. ही सूचना मूळ पुस्तिकेत आहेच, पान ३१, आणि आपल्या भाषांतरातही आहे. मी फाईल उघडली. होती, जवळजवळ त्याच शब्दांत, बारीक अक्षरात, चौकटीत. कामाची रोजची नोंद ठेवायची मला सवय आहे. वही काढली. पहिल्या आठवड्यातल्या गुरुवारी, पान २८ ते ३४ समोर, मी लिहिलं होतं: सूचना, नेहमीच्याच. लवकर झालं.